मामांची ५०० जीबी: एक डिस्क पुसण्याच्या नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

मामांच्या दुकानातला जुना सीपीयू आज रिक्षातून घरी आणला. कराडात त्यांचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, बायोडाटा, सातबाऱ्याची प्रिंट, आधारची प्रिंट, समोर येईल ते काम. मशीन २०१३ साली असेंबल करून घेतलेलं, विंडोज ७ वालं. त्या विंडोजचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, पण मामांनी ते मागच्या महिन्यापर्यंत दामटलं. अँटीव्हायरसचं लायसन कधी संपलं हे त्यांनाही आठवत नाही. याचं मला जरा जास्तच वाईट वाटलं. क्विक हील काढणारे काटकर बंधू आपल्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, ही गोष्ट मामा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. कौतुक राहिलं, रिन्युअल राहून गेलं.

मशीनची लक्षणं अशी: टास्क मॅनेजर उघडत नाही, 'ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे' म्हणतो. (ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मामा. त्यांनी काहीही बंद केलेलं नाही.) रजिस्ट्री उघडत नाही. सेफ मोडला गेलं की निळा पडदा. कुठलाही पेन ड्राइव्ह लावला की फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट.

मामांना नवं मशीन मिळालंय, त्यात २५६ जीबीची एसएसडी आहे. डिझाइन साठवायला ती अपुरी पडते, म्हणून जुन्या सीपीयूतली ५०० जीबीची हार्ड डिस्क नव्यात दुसरी डिस्क म्हणून बसवायची आहे. "फॉरमॅट मार आणि दे की. दहा मिनटाचं तर काम," मामा म्हणाले. मी उद्या रविवारी देते म्हणाले.

रविवार, ९ जून

दिली नाही.

सकाळी डिस्क बाहेर काढली आणि लेबलवरचा सिरियल नंबर पहिल्यांदा वहीत उतरवला. पुढे पुसायची कमांड देताना आपण नेमकी कुठली डिस्क पुसतोय हे या नंबरावरूनच ठरणार.

ही डिस्क चालू विंडोजला लावायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. पूर्वी नुसती लावली की ऑटोरनने व्हायरस चालायचा. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठी तो बंद झाला, पण २०१० साली स्टक्सनेट हा व्हायरस सापडला तेव्हा कळलं की शॉर्टकटचं नुसतं चित्र पडद्यावर उमटलं तरी आतला कोड चालू शकतो. ते भोक कधीच बुजवलंय. तरी असली परीक्षा घरच्या मशीनवर कशाला घ्यायची? माझ्याकडे कॉलेजच्या लॅबमधून लिलावात घेतलेला एक ड्युअल कोरचा डबा आहे. त्यात डिस्कच नाही, पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालतं. नेटची केबल काढली आणि मामांची डिस्क सरळ आतल्या साटा पोर्टला लावली. यूएसबीची डबी वापरली नाही, कारण पुढे लागणाऱ्या काही कमांड त्या डब्या डिस्कपर्यंत पोचूच देत नाहीत.

विंडोजच्या व्हायरसची फाइल लिनक्सवर पडून राहते, चालत नाही. फक्त या मशीनवर वाइन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं नाही, म्हणजे झालं.

डिस्क वाचण्यापुरतीच जोडली, लिहिण्याची मुभा नाही. मग तब्येत पाहिली. स्मार्टसीटीएल या कमांडने दिलेले आकडे: चालू राहिलेले तास २६,८४०. म्हणजे रोज नऊ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर दहा वर्षं. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे ५१२ बाइटचे कप्पे) ०. वाट पाहणारे सेक्टर ८. केबलच्या चुका ११२, त्या बहुतेक जुन्या केबलच्या.

ते आठ सेक्टर म्हणजे डिस्कला वाचायला जड गेलेल्या आठ जागा. 'पुन्हा लिहायला मिळालं की ठरवीन' असं म्हणून तिने त्या बाजूला ठेवल्यात. त्यांच्यावर लिहिणं जमलं तर यादीतून सुटतात, नाही जमलं तर डिस्क राखीव जागेतला सेक्टर देते. पुसण्याचा हा एक आडफायदाच. पुसल्यावर बदललेल्या सेक्टरांचा आकडा पाच-पन्नासने चढला असेल, तर मामांना सरळ नवी डिस्क घ्यायला सांगणार.

शेवटी डिस्कने काही लपवलंय का ते पाहिलं. हार्ड डिस्कच्या शेपटाकडचा काही भाग 'होस्ट प्रोटेक्टेड एरिया' म्हणून झाकता येतो. मग ऑपरेटिंग सिस्टीमला तो दिसतच नाही आणि साध्या पुसण्यातून सुटतो. एचडीपार्म नावाच्या कमांडने विचारलं. एकूण सेक्टर ९७,६७,७३,१६८, त्यातले दिसणारेही तितकेच. झाकलेलं काही नाही. ५१२ ने गुणलं की ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट. विंडोज याच आकड्याला ४६५ जीबी म्हणतं, आणि मामा गेली अकरा वर्षं म्हणतात की दुकानदाराने ३५ जीबी खाल्ले.

मंगळवार, ११ जून

दोन संध्याकाळी यातच गेल्या. पुसण्याआधी काय वाचवायचं?

आधी क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस फिरवला. पडदाभर एकच नाव: सॅलिटी. २००३ पासून फिरतोय. हा स्वतःची वेगळी फाइल ठेवून गप्प बसत नाही, डिस्कवरच्या प्रत्येक ईएक्सई आणि एससीआर (प्रोग्राम आणि स्क्रीनसेव्हरच्या) फाइलच्या आत शिरतो. टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री बंद करणं, सेफ मोडच्या नोंदी उडवणं, अँटीव्हायरसला मारणं, सगळी याचीच कामं. पेन ड्राइव्हवर जाताना नोटपॅडची किंवा माइनस्वीपरची एक प्रत बाधित करून भलत्याच नावाने सोडतो. शॉर्टकटवालं प्रकरण मात्र वेगळंच निघालं, एक छोटी स्क्रिप्ट. दोघं एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदत होते.

यावरून एक गोष्ट ठरली: ईएक्सई एकही न्यायची नाही. पण मामांचा 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डर म्हणजे त्यांची पेटी. २००९ पासून जमवलेले प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी कीबोर्डचे सेटअप, कुणाकुणाकडून आणलेलं काय काय. फोन केला.

"मामा, तो फोल्डर जाणार."

"अगं, त्यातला मराठी कीबोर्ड आता कुठं मिळत नाही."

"त्याच्या सेटअपमध्येच व्हायरस आहे. नव्या मशीनवर चालवलात की पहिल्या दिवशी हेच सगळं परत."

बराच वेळ गप्प. मग, "सीडी असंल कुठंतरी. मामीला बघायला लावतो."

सीडी मिळाली. लोणच्याच्या बरणीखाली होती म्हणे, पण चालते. एकदा लिहिलेल्या सीडीत नंतर कुणाला शिरता येत नाही, हे तिचं मोठेपण.

काय न्यायचं त्याची यादी उलटी केली: 'हे नको, ते नको' असं न करता फक्त हवं तेच. कोरलच्या सीडीआर, पेजमेकरच्या जुन्या फाइल, टिफ, जेपीजी, पीएसडी. पेजमेकरमधला मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आहे, युनिकोडमध्ये नाही. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर 'चि. सौ. कां.' च्या जागी चौकोन आणि उलटी चिन्हं दिसतील. फॉन्ट मात्र डिस्कवरून घेतले नाहीत, मामांच्या मूळ सीडीवरूनच टाकणार.

फाइलच्या नावाच्या शेपटावर विश्वास ठेवला नाही. विंडोजमध्ये चालणाऱ्या प्रत्येक ईएक्सई-छापाच्या फाइलचे पहिले दोन बाइट 'एम' आणि 'झेड' असतात, ती रचना ठरवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्कीची आद्याक्षरं. यादीतल्या सगळ्या फाइलींचे पहिले दोन बाइट तपासले. दोन 'जेपीजी' एमझेडने सुरू होत होत्या. एकीचं नाव 'नवरी फोटो'. दोन्ही वगळल्या.

उरलं ६१ जीबी. ते माझ्या एका बाहेरच्या डिस्कवर घेतलं.

एक फोल्डर बघून मात्र हात थबकला. 'गिऱ्हाईक'. त्यात वर्षवार फोल्डर, आणि आत आधार, पॅन, रेशनकार्ड, दहावीचे दाखले, पासबुकाची पहिली पानं. लोक मोबाइलवरून पाठवतात, मामा प्रिंट काढतात, फाइल राहून जाते. दहा वर्षांत हजारोंनी साठलेल्या. मामांना विचारलं, "हे हवंय का?" ते म्हणाले, "मला काय करायचंय त्याचं?" तो फोल्डर नेला नाही.

पण तो तिथे आहे, हे आता मला माहीत आहे. इतके दिवस 'पुसणं' म्हणजे व्हायरस घालवणं एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवार, १४ जून

मामांना संध्याकाळी चहाला बोलावलं आणि त्यांच्याच डिस्कवर त्यांचाच दहा मिनिटांचा फॉरमॅट मारून दाखवला. वाचवलेला माल बाहेर सुखरूप होता, त्यामुळे डिस्कचं काही झालं तरी चालणार होतं. क्विक फॉरमॅट, एनटीएफएस. दहा मिनिटं कसली, दहा सेकंदांत झालं. डिस्क उघडून दाखवली. रिकामी.

"बघ. झालं की नाही?"

मग फोटोरेक चालवलं. हा प्रोग्राम फोल्डर, नावं, कशाकडेच बघत नाही. डिस्क पहिल्या सेक्टरपासून वाचत जातो आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. जेपीजी असेल तर एफएफ, डी८, एफएफ हे तीन बाइट. क्विक फॉरमॅट नवी कोरी अनुक्रमणिका लावतो, पुस्तकाची पानं जिथल्या तिथे राहतात. दहा मिनिटांत आकडा चार हजारांवर गेला. एक फोल्डर उघडला. पहिलाच फोटो मामांच्या गल्लीतल्या एका बाईंच्या आधारकार्डाचा, दोन्ही बाजू.

मामा चहा प्यायचे थांबले.

"पण ती आधारची पीडीएफ पासवर्डची असती की."

असते. पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. शेजारच्याच फाइलीत त्याच माणसाचा लग्नाचा बायोडाटा: पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, मामाचं कूळ. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला.

व्हायरसच्या बाजूनेही फॉरमॅट पुरेसा नसतो. डिस्कचा पहिलाच सेक्टर, ५१२ बाइटचा, कुठल्याच पार्टिशनमध्ये (सी, डी अशा भागांत) मोडत नाही. त्यात ४४६ बाइट मशीन सुरू करायचा कोड, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटची खूण. सी किंवा डी फॉरमॅट केलं तरी या कोडला धक्का लागत नाही. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, १९८६ सालचा ब्रेन, फ्लॉपीच्या अशाच बूट सेक्टरमध्ये राहायचा. तो लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. (इकडे पुण्यात दोन भावांनी औषध काढलं. मामांना हे फार आवडलं.) पुढे टीडीएल-४ सारखे व्हायरस पहिला सेक्टर बदलायचे आणि बाकीचा ऐवज डिस्कच्या अगदी शेवटी, पार्टिशनच्या बाहेरच्या जागेत लपवायचे. म्हणून नुसता पहिला सेक्टर पुसणंही अर्धवट.

मामांच्या डिस्कचा पहिला सेक्टर काढून पाहिला. विंडोज ७ चा नेहमीचाच कोड, वेगळं काही नाही. तेव्हा खरं सांगायचं तर सॅलिटीपुरतं बोलायचं झालं, तर आजचा फॉरमॅट कदाचित पुरलाही असता. ईएक्सई फाइलच दिसेनाशी झाली तर ती चालवणार कोण? अख्खी डिस्क पुसायची आहे ती त्या आधारवाल्या बाईंसाठी.

मामा निघताना म्हणाले, "सावकाश कर. गडबड नाय." आणि कोरलच्या चार-पाच फाइली नव्या मशीनवर उघडतात का बघायला घेऊन गेले, खिशातल्या पेन ड्राइव्हवर.

शनिवार, १५ जून

किती वेळा पुसायचं? कुणी तीन सांगतं, कुणी सात, आणि कुणीतरी हमखास ३५. हा ३५ चा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला. तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रकारे लिहिणाऱ्या डिस्कांसाठी वेगवेगळे नमुने, सगळे मिळून ३५. एका डिस्कला ते सगळे लागतच नाहीत, आणि नंतरच्या डिस्कवर ३५ वेळा लिहिण्यात अर्थ नाही, हे गटमन यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका, २०१४ ची आवृत्ती, अशा चुंबकीय डिस्कवर एकदा शून्यं लिहिणं पुरेसं मानते. या डिस्कला एका फेरीला दीड तासाच्या वर लागतो. ३५ फेऱ्या म्हणजे सव्वादोन दिवस, आणि तेवढा वेळ आमच्या आळीत सलग वीज असते कुठे?

मी एकदाच पुसणार, पण पुसल्यावर पूर्ण डिस्क वाचून पाहणार. न तपासलेल्या सात फेऱ्यांपेक्षा तपासलेली एक बरी.

पुसायचं कशाने? डीडी कमांड साधी आहे: शून्यांच्या नळाला पाइप लावायचा आणि दुसरं टोक डिस्कवर सोडायचं. पण त्यात डिस्कचं नाव एका अक्षराने चुकलं, एसडीबीच्या जागी एसडीए पडलं, तर ती न विचारता दुसरंच काही पुसते. एनवाइप नावाचा डिस्क पुसायचा प्रोग्राम आहे, जुन्या डीबॅनच्या वंशातला, त्यात सिरियल नंबर पडद्यावर दिसतो. तिसरा मार्ग म्हणजे डिस्कलाच सांगायचं, 'तू स्वतःला पूस'. साटा डिस्कमध्ये सिक्युअर इरेज नावाचा आदेश कारखान्यातूनच असतो. तो मला कधीचा वापरून पाहायचा होता. हौस, दुसरं काय.

(ज्यांच्याकडे फक्त विंडोज आहे त्यांच्यासाठी: विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्ट उघडा, डिस्क नीट निवडा आणि 'क्लीन ऑल' द्या. नुसतं 'क्लीन' दिलंत तर पार्टिशनची माहिती जाते, फाइली तिथेच. विस्टापासून पुढे क्विकची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅटही त्या पार्टिशनभर शून्यं लिहितो. एक्सपीचा लिहीत नव्हता, नुसता वाचून बघायचा.)

एचडीपार्मला विचारलं तर डिस्क म्हणते 'फ्रोझन'. मशीन सुरू होताना बायोस (बोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कला गोठवतो, कुणा व्हायरसनेच हा आदेश देऊ नये म्हणून. उपाय: मशीनला दोन मिनिटं झोपवायचं आणि उठवायचं. उठल्यावर 'नॉट फ्रोझन'. सिरियल नंबर वहीशी पुन्हा ताडला. नियमाप्रमाणे आधी डिस्कला पासवर्ड दिला, 'कराड', आणि मग आदेश. डिस्कचा स्वतःचा अंदाज ९६ मिनिटं. संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी सुरू. पडदा गप्प, टक्केवारी नाही, काही नाही. फक्त डिस्कची गुणगुण.

६ वाजून ५० मिनिटांनी वारा सुटला, वीज कडाडली आणि लाइट गेली.

अंधारात पाच मिनिटं नुसती बसून राहिले. यूपीएस घ्यायला हवा होता, हे मी लॅबमध्ये पोरांना दर वर्षी सांगते.

लाइट साडेआठला आली. डिस्क लागते, पण एकही सेक्टर वाचू देत नाही. एचडीपार्म म्हणतं, 'लॉक्ड'. पुसणं पूर्ण झालं की पासवर्ड आपोआप निघतो, अर्धवट राहिलं की डिस्क कुलूपबंद. पासवर्ड वहीत लिहिलेला होता म्हणून बरं, नाहीतर ही डिस्क पेपरवेट. आज पुन्हा सुरू करायची हिंमत नाही.

रविवार, १६ जून

सकाळी मामांच्या दुकानातून यूपीएस आणला. ("काय झालं?" "काही नाही.") पासवर्ड देऊन तोच आदेश पुन्हा. ७ ला सुरू, ८ वाजून ३८ मिनिटांनी संपलं. कुलूप आपोआप निघालं.

आता तपासणी. सीएमपी नावाची कमांड दोन गोष्टी बाइटला बाइट लावून बघते. एका बाजूला डिस्क, दुसऱ्या बाजूला शून्यांचा अखंड नळ. कुठे एक बाइट वेगळा निघाला तर तिथेच थांबून ओरडते. दीड तासाने थांबली ती डिस्क संपली म्हणून, ५,००,१०,७८,६२,०१६ बाइटनंतर. मधे कुठेही फरक नाही. हौसेने फोटोरेकही फिरवलं. सापडलेल्या फाइल: ०. याचा फोटो काढून मामांना पाठवला. उत्तर आलं ते हात जोडलेलं.

तब्येतीचे आकडे पुन्हा: वाट पाहणारे सेक्टर ८ वरून ०, बदललेले अजूनही ०. म्हणजे त्या आठ जागा खराब नव्हत्या, कधीतरी लिहिताना लाइट गेली असणार. (या घराण्याला लाइट जाण्याचं वावडं नाही.) बदललेला सेक्टर एकही नसल्यामुळे आणखी एक शंका मिटली. डिस्कने पूर्वी एखादा सेक्टर बाजूला काढला असता, तर जुना मजकूर त्यात अडकून राहिला असता आणि वरून लिहिणाऱ्या कमांडला तो दिसलाही नसता.

लॅबमधल्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, मॅडम, व्हायरस डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असला तर? (फर्मवेअर म्हणजे डिस्कला आतून चालवणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम.) असू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने इक्वेशन नावाच्या हॅकर गटाची माहिती बाहेर काढली. डिस्कचं फर्मवेअरच बदलण्याची करामत त्यांच्याकडे होती, आणि ती कितीही पुसून जात नाही. पण असली हत्यारं मोजक्या बड्या सावजांवर चालवतात. फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' छापणाऱ्या दुकानावर कुणी ती खर्च करणार नाही.

आणखी एक आठवण स्वतःसाठी: मामांची नवी एसएसडी उद्या पुसायची वेळ आली, तर शून्यं लिहायची ही पद्धत नको. एसएसडी एकाच जागेवर लिहीत नाही, जागा फिरवत राहते आणि काही राखून ठेवते, त्यामुळे वरून लिहिलेलं सगळीकडे पोचत नाही. तिला तिचाच पुसण्याचा आदेश द्यायचा.

बुधवार, १९ जून

लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी, पास. एकच पार्टिशन, एनटीएफएस, नाव 'डिझाइन'. वाचवलेले ६१ जीबी भरले. दुकानात जाऊन बसवली, नवी साटा केबल ८० रुपये. मामीने शिरा केला होता.

शनिवार, २२ जून

दुपारी फोन. "अगं, शॉर्टकट आलं परत."

पोटात गोळा आला. दोन वेळा पुसलेली, बाइटला बाइट तपासलेली डिस्क. पहिला विचार, खरंच सांगते, त्या फर्मवेअरचा आला.

दुकानात गेले तर शॉर्टकट डिस्कवर नव्हतेच. ते होते पेन ड्राइव्हवर. विंडोज डिफेंडरचा इतिहास उघडला. तीन नोंदी: पहिली १४ जूनची, रात्री ९ वाजून १० मिनिटांनी, दोन आजच्या. तिन्हींत जागा एफ ड्राइव्ह. मामांची डिस्क ई आहे. डिफेंडरने तिन्ही वेळा स्क्रिप्ट अडवली होती, आणि तिन्ही वेळा मामांनी कोपऱ्यातली चौकट 'काहीतरी जाहिरात' म्हणून बंद केली होती.

१४ जून. मामा माझ्याकडून निघताना मीच त्यांच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर फाइली दिल्या होत्या. तो पेन ड्राइव्ह दहा वर्षं त्या जुन्या मशीनला लागत होता. मी हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचत बसले, लाहोरपर्यंत जाऊन आले, आणि त्या पेन ड्राइव्हकडे एकदा पाहिलंसुद्धा नाही.

"मामा, असे अजून किती आहेत?"

त्यांनी ड्रॉवर ओढला.

रविवार, २३ जून

अकरा. त्यातले चार गिऱ्हाइकांनी विसरलेले, एक बाहुलीच्या आकाराचा, एकावर 'नवरात्र २०१६' असं पेनने लिहिलेलं. सगळे माझ्या लिनक्सवाल्या डब्यावर एकेक करून लावले. नऊ बाधित. खरे फोल्डर गेले नव्हते, फक्त लपवलेले होते. लिनक्समध्ये ते तसेच्या तसे दिसतात. (विंडोजमध्ये ॲट्रिब कमांडने लपवल्याची आणि सिस्टीमची खूण काढावी लागते.) हवं ते फोटो आणि सीडीआर बाहेर काढले, एमझेडची तपासणी केली, पेन ड्राइव्ह पहिल्या सेक्टरपासून शून्यं लिहून नव्याने फॉरमॅट केले. दोन जीबीच्या तिघांवर आधारच्या फाइली होत्या. पेन ड्राइव्हमध्येही एसएसडीसारखी राखीव जागा असते, म्हणून ते तिन्ही पकडीत धरून मोडले. आतली काळी चिप मोडली की नाही हे मामांनी चष्मा लावून पाहिलं.

दुकानातली 'डिझाइन' डिस्कही घरी आणून परत तपासली. स्वच्छ. डिफेंडरच्या चौकटी बंद न करता आधी वाचायच्या, असं मामांकडून कबूल करून घेतलं. मोबाइलमधल्या मेमरी कार्डांची आठवण मामीने करून दिली. तीन, त्यातलं एक बाधित.

पण ड्रॉवर रिकामा झाला म्हणून काय? रोज वीसेक गिऱ्हाइकं आपापला पेन ड्राइव्ह घेऊन येतात. त्यांना नाही म्हटलं तर ती शेजारच्या दुकानात जातील.

रविवार, ३० जून

मामांचा जुना सीपीयू परत दुकानात गेला, हार्ड डिस्कशिवाय. पेन ड्राइव्हवरून लिनक्स, नेट नाही, झेरॉक्स मशीनची केबल त्यालाही जोडलेली. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी तिथे लागतो. पीडीएफ आणि फोटोची प्रिंट तिथूनच निघते, नव्या मशीनपर्यंत काही जातच नाही. डिझाइनचं काम असेल तर हवी ती एक फाइल उचलून दुकानाच्या स्वतःच्या, लाल दोरी बांधलेल्या पेन ड्राइव्हवर घ्यायची. संध्याकाळी मशीन बंद केलं की दिवसभराच्या आधार-पॅनच्या फाइली मेमरीबरोबर जातात. त्या साठवायला तिथे डिस्कच नाही.

मामांना लिनक्स शिकवायला दोन दिवस लागतील असं धरलं होतं. अर्धा तास लागला. "चित्रावर टिचकी मारायची, प्रिंट म्हणायचं. आणि काय असतंय?"

काउंटरवर त्यांनी बोर्ड लावलाय: 'पेन ड्राइव्ह आधी इकडे द्यावा.' वर गणपती, बाजूला वेलबुट्टी, सगळं वाचवलेल्या ६१ जीबीतलं. आज पहिलं गिऱ्हाईक एका मंडळाचं, वर्गणीच्या पावत्या छापायला. पेन ड्राइव्ह लावला तर चार फोल्डर आणि त्याच नावांचे चार शॉर्टकट. मामांनी पडद्याचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं: हा आपला नाही.